उरलेले दोन लिटर

कापगतेबाबूंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ते मला 'साठवाला' म्हणायचे. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, एकदा तर भर बाजारात माझ्या सासऱ्यांसमोर. "का गा साठवाल्या, जेवला का?" सासरे घरी आले आणि माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारते झाले, लग्नाच्या वेळी जावयाचं वय आपण नीट विचारलं होतं ना?

हे नाव मी माझ्या कर्तबगारीनं कमावलं होतं. गोंदियात एका शोरूममध्ये मी नऊ वर्षं गाड्या विकत आलोय. या धंद्यातलं माझं एकमेव कसब म्हणजे, गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते त्याच्या तोंडून निघण्याच्या जरा आधी मी बोलून दाखवतो. त्यातच आमच्याकडे नव्या जातीची गाडी आली. तिच्यात पेट्रोलची टाकी असते आणि बॅटरीही असते. बॅटरी घरच्या भिंतीतल्या प्लगवर चार्ज करायची, मग पंचेचाळीसेक किलोमीटर गाडी विजेवर पळते, आणि बॅटरी संपली की इंजिन कामाला लागतं. आमच्या भागातली अशी पहिली गाडी मी राइस मिलवाल्या किसनशेठना विकली. शेठनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाचं टोक लावलं आणि एकच प्रश्न विचारला, "एवरेज क्या देती है?"

कंपनीच्या पुस्तकातला आकडा इतका मोठा होता की तो वाचून दाखवायला मलाही लाज वाटली. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "शेठजी, मी स्वतः मोजून देतो." आणि मोजलं. पंधरा दिवस शेठची गाडी घरून मिलवर, मिलवरून धान बाजारात, संध्याकाळी परत घरी. घरी आली की प्लगला लावायची. सुरुवातीला टाकी फुल केली, शेवटी पुन्हा फुल केली, आणि किलोमीटरला लिटरनं भागलं. अठ्ठावन्न आलं. आता अठ्ठावन्न हा काही विकायचा आकडा नव्हे. मी साठ केला. लॅमिनेट करून शोरूमच्या भिंतीवर लावला. पंधरा दिवस घरच्या प्लगमधून किती वीज गेली ते मी मोजलंच नाही. ती शेठच्या तीन एसींच्या बिलात मिसळून गेली होती.

वर शेठना आणखी एक गोष्ट सांगितली. "गाडी उभी असली ना शेठजी, तरी एसी बॅटरीवर चालतो. इंजिन बंद. पेट्रोलचा थेंब लागत नाही." हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी बोललो आणि विसरलो.

कापगतेबाबू शोरूमसमोरच्या टपरीवर रोज दहा वाजता चहाला यायचे. हाडकुळे, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशात एक पेन्सिल आणि एक खडू. एका खाजगी बस कंपनीत आयुष्यभर डिझेलचा हिशेब पाहून निवृत्त झालेले. कोणत्या बसनं किती डिझेल खाल्लं आणि किती पळली, हे पाहायचं काम. ड्रायव्हर त्यांना समोर 'बाबू' म्हणत आणि मागे काय म्हणत ते मला एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, पण ते छापण्याजोगं नाही.

भिंतीवरचा माझा आकडा वाचून ते शोरूममध्ये आले. एसीत आल्याबरोबर त्यांनी वरचं बटण आणखी घट्ट केलं.

"कोन मोजला हा?"

"मीच."

"टाकी कोठी भरला?"

"पंपावर."

"पंपावर कोठी? जागा सपाट होती का?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"किती निघाला होता खरा?"

का कोण जाणे, मी खरं सांगितलं. "अठ्ठावन्न."

"मंग वरचे दोन कोनाचे?"

त्या दिवसापासून मी साठवाला झालो.

बाबूंचं मोजणं पाहायला लोक पंपावर थांबायचे. ओळखीच्या कोणी गाडी घेतली की ते हौसेनं अॅव्हरेज काढून देत. पिशवीतून पाणी भरलेली पारदर्शक नळी निघायची. नळीचं एक टोक पुढच्या चाकाशी, दुसरं मागच्या चाकाशी धरून ते पाण्याची पातळी पाहायचे. साऱ्या पंपात त्यांना एकच जागा सपाट सापडली होती. तिथे त्यांनी चार चाकांसाठी पिवळ्या ऑइलपेंटनं चार खुणा करून ठेवल्या होत्या. गाडी त्या खुणांवर उभी करायची, नेहमी त्याच नळावर, नेहमी सकाळी ऊन चढायच्या आधी. पेट्रोल भरताना नळ पहिल्यांदा 'टक्' करून बंद झाला की बस. पंपवाल्याला सवय असते, टक् झाल्यावर आणखी दोन घोट घालायची. बाबू त्याचं मनगट धरून ठेवायचे. "अरे, त्याचं पोट भरलं ना बापा! तू कायले आग्रह करून राहिला? जावई होय का तो?"

वहीत पेन्सिलीनं लिहायचे, पण खोडरबर कधी नाही. चुकलं तर एक बारीक रेघ मारत, खालचा आकडा वाचता येईल अशी. मी विचारलं तर म्हणाले, "चुकलेला आकडा दिसाले पाहिजे. नाई तं माणूस समजते का तो कधी चुकलाच नाही."

त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव नव्या मोटरसायकलवर आला आणि मांडवात फुशारकी मारून बसला की गाडी पासष्ट देते. बाबूंनी जेवणाचं पान तसंच ठेवलं. नवरदेवाकडून किल्ली घेतली आणि गेले. दीड तास नवरदेव किल्लीची वाट पाहत बसला, भटजी मुहूर्त मागेपुढे करत राहिले. बाबू घामाघूम होऊन परत आले, भर मांडवात म्हणाले, "एकावन्न," आणि पानावर बसले. भाताला हात लावायच्या आधी पुतणीला जवळ बोलावून सांगितलं, "मानूस चांगला आहे. थोडा वाढवून सांगते, तेवढं ध्यानात ठेव."

मोजण्याचा हा सोस त्यांच्या घराण्यातलाच. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातलं घर. वडील गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, पाण्यात एक दगड उभा होता, त्यावर खुणा कोरलेल्या. दुसरी खूण उघडी पडली की कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं, हे वडील ठरवायचे. एकदा एक शेतकरी ऐटीत म्हणाला, मी सगळ्यांपेक्षा निम्म्या पाण्यात धान काढतो. वडिलांनी विचारलं, "आनि तुह्या विहिरीचं पानी कोन मोजल?" ही गोष्ट बाबूंनी मला माझ्या लॅमिनेट केलेल्या कागदाखाली उभं राहून सांगितली. मला गोष्ट आवडली. ती माझ्याचबद्दल आहे हे कळायला मला उन्हाळा उजाडावा लागला.

त्या उन्हाळ्यात किसनशेठनी देवरीला एक गोदाम घेतलं. गाडी रोज देवरीला जायला लागली, जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर. गाडी चालवायचा सुकराम. तिशीचा, कमी बोलणारा, गाडीतून उतरला की दार हातानं दाबून लावायचा, आपटायचा नाही. देवरीच्या गोदामात अर्थिंग धड नव्हतं, तिथल्या प्लगला गाडी लावली की लाल दिवा लागे आणि चार्ज होत नसे. म्हणजे चार्जिंग फक्त घरी, रात्रीतून एकदा.

शेठनी आपल्या डोक्यात हिशेब केला. साठनं एकशे चाळीसला भाग, सव्वादोन लिटर लागायला पाहिजे. पंपावरून रोज सात लिटरच्या वर भरलं जात होतं. रोजचे पाच लिटर गेले कुठे?

एका सकाळी त्यांनी मला मिलवर बोलावलं. फाटकात वीस-पंचवीस हमाल उभे होते. सुकरामची पिशवी जमिनीवर उलटी केलेली. डबा, गमछा, कंगवा, एक पाण्याची बाटली. मुनीम बाटलीचं झाकण काढून वास घेत होता. बाटलीत मठ्ठा होता.

"आप ही बोलो," शेठ माझ्याकडे वळले, "गाड़ी साठ देती है कि नहीं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सुकरामही. मला म्हणता आलं असतं की शेठजी, तो आकडा गावातल्या गावात फिरण्याचा होता. मला हेही म्हणता आलं असतं की तो अठ्ठावन्न होता. पण माझा लॅमिनेट केलेला कागद भिंतीवर होता आणि त्याखाली बसून मी त्या महिन्यात आणखी दोन गाड्या विकणार होतो.

"देते, शेठजी," मी म्हणालो.

सुकरामनं खाली वाकून डबा उचलला, गमछ्यानं पुसला, पिशवीत ठेवला.

दोन दिवसांनी तो शोरूमच्या बाहेर, उन्हात उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. "साहेब, तुमी मोजले होते ना? आनखी एकडाव मोजून द्या. शेठ आठ दिवस देले. नाई तं ठाण्यात लिहून देतो म्हणते. मंग मले गाडीवर कोन ठेवल? गावात तं आताच बाया कुजबुजून राहिल्या."

मी पुन्हा मोजणार? माझ्या हातात ते काम देणं म्हणजे ज्या न्हाव्यानं कान कापला त्याच्यापुढेच दुसरा कान करण्यासारखं होतं. मी बाबूंच्या घरी गेलो. ते अंगणात बनियनवर बसून वांग्याच्या रोपांना पाणी घालत होते. तेही मापल्यासारखं, प्रत्येक रोपाला एकच तांब्या.

"मी ते काम सोडलो," ते म्हणाले. "हौसेनं मोजतो. भांडनाचं नाई मोजत."

"बाबू, त्याला चोर म्हणताहेत."

तांब्या हातातच राहिला. एका रोपाला दुसऱ्यांदा पाणी पडलं, त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"ड्रायव्हर होय?"

"हो."

ते आत गेले आणि शर्टाची वरपर्यंत बटणं लावून बाहेर आले.

शेठ पुन्हा मोजायला तयार झाले, पण त्यांनी अट घातली. आठ दिवस सुकरामनंच गाडी चालवायची, बाबू सोबत, आणि जो आकडा येईल तो दोन्ही बाजूंना मान्य. "आकडा उसके खिलाफ गया तो?" शेठनी विचारलं. बाबू म्हणाले, "तं तोच लिहीन."

पहिल्या फेरीला शेठ नव्हते. बाबूंनी शेठच्या घरच्या प्लगमध्ये एक छोटं वीजमीटर बसवून घेतलं होतं. बॅटरी फुल झाली तेव्हा नऊ युनिट गेलेली. मग पंप, पिवळ्या खुणा, टक्. सुकराम गाडी चालवत होता, बाबू पुढे, मी मागे. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास गाडीच्या पोटात बारीक घुर्र झालं आणि बाबूंनी वहीत रेघ मारली. "संपली तुही वीज. आता पाह्य." देवरीला गाडी वळवून आम्ही तसेच परत आलो. पुन्हा त्याच खुणांवर टाकी भरली. पाच पूर्णांक तीन लिटर.

बाबूंनी चहाच्या टपरीवर मला समजावलं, आणि ते समजावणं म्हणजे रागावणंच होतं. "गाडी विजेवर पंचेचाळीस गेली. राहिले पंच्याण्णव. ते पेट्रोलवर, लिटरले अठरा. झाले पाच-सव्वापाच. तू जे मोजला, ते गावातल्या गावात मोजला. तठी सारी वीजच होती. पेट्रोल निस्तं पाहुण्यासारखं येऊन गेलं. अन् विजेचे युनिट? ते कोनाच्या विहिरीतले?"

"म्हणजे या गाडीचं अॅव्हरेज..."

"या गाडीले एक आकडा नाईच गा! किती चार्ज केला आनि मंग किती पळवला, हे दोन सांगितल्याबिगर आकडा बोलायचाच नाई. तू लेका बोलला. वरून गोल करून बोलला."

म्हणजे शेठच्या पाच लिटरांतले तीन लिटर माझे निघाले. मी सुकरामकडे पाहून हसलो. तो हसला नाही, कारण त्याला गणित येत होतं. शेठसोबतच्या फेऱ्यांना सात लिटरच्या वर लागत होतं. दोन लिटर उरत होते.

दुसऱ्या फेरीला शेठ सोबत होते. देवरीला पोचल्यावर ते म्हणाले, "आप लोग खाना खा के आओ आराम से. चार बजे." आम्ही जेवून आलो, परत निघालो, टाकी भरली. सात पूर्णांक दोन.

रस्ता तोच होता, सुकरामही तोच, आणि दोन लिटर जास्त. मी बाबूंना म्हणालो, "सोडा ना बाबू. ऊन आहे, एसी आहे, शेठचं वजन आहे. तीन लिटरचा उलगडा झाला ना? दोन इकडचे तिकडे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "इकडचे तिकडे म्हंजे कोनाचे?"

मी टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"तीन लिटर सुटले म्हनून तो सुटला नाई. दोन लिटरचा चोर बी चोरच राह्यते." मग सुकरामकडे वळून हळूच विचारलं, "बाबा, दोन ते चार गाडी कोठी राह्यते?"

"गोदामाच्या मागं. मोहाच्या झाडाखाली."

"तिच्यापाशी कोन राह्यते?"

सुकराम हातातल्या किल्लीकडे पाहत राहिला. "मी जबान देलो जी. नाई सांगनार."

"तुही नोकरी चालली, नाव चाललं. तरी?"

"तरी जी."

तिसऱ्या फेरीला आम्ही जेवायला गेलो आणि बाबू अर्ध्या पानावरून उठले. गोदामाच्या मागे मोहाखाली गाडी उभी होती, काचा बंद. आत किसनशेठ. सीट पूर्ण मागे टाकलेली, तोंड उघडं, मोजे डॅशबोर्डवर वाळत. पोट संथ वरखाली होत होतं. हेच शेठ मिलमध्ये सगळ्यांना ऐकवायचे, "दोपहर में सोनेवाला आदमी मिल नहीं चला सकता." मागच्याच वर्षी वजनकाट्यावर डुलकी घेतली म्हणून त्यांनी तोलणाऱ्याला कामावरून काढलं होतं.

मी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. बाबू खाली बसून मागच्या धुराच्या नळकांड्याजवळ हात धरून होते. गाडी गप्प होती. मग एकदम आतून बारीक घुर्र झालं, नळकांड्यातून गरम वारा आला, काही मिनिटांनी पुन्हा गप्प. गाडी इथं पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असायची. एसी चालत राहावा म्हणून इंजिन आपणच सुरू व्हायचं, आपणच बंद व्हायचं. चाक एक इंच हलत नव्हतं आणि पेट्रोल जात होतं. आणि झोपलेला माणूस समजत होता की इंजिन बंद आहे, पेट्रोलचा थेंब लागत नाही, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं.

रुमाल मी तोंडातून काढून घेतला.

"उठवू का?" मी विचारलं.

"कायले? झोपलेल्या मानसाले उठवू नये. मोजू दे."

ते झाडाच्या मुळावर बसले, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं, आणि इंजिन सुरू झालं की एक रेघ, बंद झालं की वेळ. दोन तास. त्या दोन तासांत, रेघांच्या मधल्या मधल्या शांततेत, त्यांनी मला रतिरामची गोष्ट सांगितली. माझ्याकडे न पाहता, नळकांड्याकडे पाहत.

रतिराम सालेकशाकडचा, त्यांच्या बस कंपनीतला ड्रायव्हर. बाबू तेव्हा नवीन होते. संध्याकाळी गाड्या पंपाशी आल्या की टाकीत लोखंडी गज घालून डिझेल पाहायचं, आणि सकाळी गाडी जिथं उभी असेल तिथं पुन्हा गज घालायचा. रतिरामची बस उशिरा यायची, म्हणून तिला कडेची जागा मिळायची. रोज सकाळी तिच्यात पाच-सहा लिटर कमी दिसायचे. बाबूंनी वहीत लिहिलं, गोल आकड्यात, सहा. महिनाभर सहा. रतिरामला काढलं. फाटकातून जाताना तो बाबूंना म्हणाला होता, "तुमी लिहिले म्हंजे खरंच असन जी. पन मी नाई घेतलो."

"मग?" मी विचारलं.

"मंग तीन महिन्यांनी त्या जागी दुसरी बस उभी राह्यली. तिच्यात बी सहा कमी." एक रेघ मारली. "जागा उतारावर होती गा. गाडी नाकावर उभी, डिझेल पुढच्या अंगाले, गज मागून. कमी दिसनारच."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"मॅनेजरले सांगितलो. तो म्हने, आता झालं ते झालं, नवा ड्रायव्हर भेटला. मी गप्प राह्यलो. लेकरं लहान होते." थोड्या वेळानं म्हणाले, "लेकरं मोठे झाले. तरी गप्प राह्यलो."

चार वाजता शेठनी डोळे उघडले. काचेबाहेर, हातभर अंतरावर, वही घेतलेला म्हातारा. शेठनी पहिल्यांदा मोजे उचलले.

बाबूंनी काच खाली होईपर्यंत वाट पाहिली आणि वही पुढे केली. त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: तीन लिटर, बॅटरी संपल्यावरच्या रस्त्याचे; आधीचा आकडा चुकीचा असल्यामुळे जास्त वाटले. दोन लिटर, गाडी उभी असताना, दुपारी दोन ते चार, एसीसाठी इंजिन चौदा वेळा सुरू झाले. चोरी नाही. खाली सही.

शेठनी दोनदा वाचलं. कपाळावर घाम, एसी चालू असून.

"इसमें नाम नहीं लिखा आपने. गाड़ी में कौन था."

"नाव मोजता येत नाई जी. लिटर मोजता येते."

दुसऱ्या दिवशी फाटकावर, त्याच हमालांसमोर, शेठ बोलले. "सुकराम का कुछ नहीं है. हिसाब गलत था." मग त्यांनी बोट केलं. माझ्याकडे. "इनका." हमाल पोट धरून हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "साठ!" मी हात जोडले आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, "अठ्ठावन्न होता, भाऊ. तोही गावातल्या गावात." त्याच दुपारी भिंतीवरचा कागद काढला. लॅमिनेशन चांगलं होतं, चुना सोबत घेऊन निघालं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती मित्रांच्या बैठकीत सांगितली असती, मोजे दाखवून. पण पंधरा दिवसांनी सुकराम काम सोडून कामठ्याला कुणाच्या ट्रॅक्टरवर लागला. मी त्याला गाठलं.

"आता काऊन रे? झालं ना सगळं साफ?"

"झालं जी." तो ट्रॅक्टरचं चाक पुसत होता. "शेठ आता दुपारी झोपत नाई. मागं बसून आरशात मले पाह्यत राह्यते. त्याईले वाटते मीच सांगितलो."

हे मी बाबूंना सांगायला नको होतं. सांगितलं. त्यांनी कप बाजूला ठेवला. चहा निवला, त्यावर साय धरली.

"यंदा तं आठ दिवसांत खरं सांगितलं," ते म्हणाले, "तरी असं."

बाबू त्या पावसाळ्यात वारले. लेकीकडे रायपूरला होते, मला फोनवरच कळलं. त्याआधी त्यांच्यासोबतचा शेवटचा दिवस माझ्या वाट्याला आला तो असा.

त्यांनी मला सकाळी बोलावून घेतलं आणि सालेकशाला सोडशील का, असं विचारलं. पिशवीत पाण्याची नळी नव्हती. जुन्या धोतरात गुंडाळलेलं लांब काहीतरी होतं, ते त्यांनी दोन्ही मांड्यांवर आडवा धरला. मी न विचारता ओळखलं, रतिरामच्या टाकीत घातलेला तो गज. वाटेभर मी नेहमीसारखा बडबडलो, आणि त्यांनी एकदाही मला साठवाला म्हटलं नाही. गावाबाहेर शाळेजवळ गाडी थांबवायला लावली. जमीन पाहिली. सवयीनंच असेल, म्हणाले, "उतार आहे. हँडब्रेक ओढ."

"मी येतो सोबत."

"नोको. तू आला तं मी तुह्याशीच बोलत राहीन." दार उघडून ते उतरले, मग खिडकीतून वाकले. "तू जाय. मी गाडीनं येईन." म्हणजे रेल्वेनं.

मी गेलो नाही. गाडी थोडी पुढे घेऊन थांबलो, एसी बंद करून, घामानं निथळत. कुडाच्या घरापुढच्या अंगणात खाटेवर एक म्हातारा बसला होता, विडीसाठी टेंभुर्णीच्या पानांची जुडी बांधत. बाबू त्याच्यासमोर उभे राहिले. काहीतरी बोलले, थोडंसंच. मग धोतर सोडून गज दोन्ही हातांवर पुढे धरला.

म्हाताऱ्यानं गजाकडे पाहिलं. बाबूंकडे पाहिलं. मग खाली मान घालून पुन्हा पानं बांधायला लागला. एक जुडी झाली. दुसरी घेतली.

मला पुढे पाहवलं नाही. गाडी सुरू केली. वळणावर आरशात पुन्हा दिसलं ते अंगण, उन्हात भरलेलं. हातावर गज धरून बाबू तसेच उभे होते. खाटेवर जागा होती. त्यांना अजून कोणी बस म्हटलं नव्हतं.